शिष्यत्वाची किंमत नेमकी कोण मोजतं?

गोदाकाठ
नमस्कार. यंदा आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दृढीकरणाच्या, म्हणजे लहानपणी झालेला बाप्तिस्मा स्वतःहून पक्का करायच्या विधीच्या, वर्गाला शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. चौदा-पंधरा वर्षांची मुलं, सगळी नाशिकचीच. शरणपूर, सिडको, नाशिकरोड, एक देवळाली कॅम्पचा. पुढचा धडा बायबलमधला लूक १४, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय आहे. लोकांचा मोठा जमाव येशूच्या मागे चाललाय आणि तो वळून त्यांना म्हणतो, आई-बाप, बायको-मुलं, इतकंच काय स्वतःचा जीवसुद्धा माझ्यापुढे दुय्यम मानणार नसाल तर माझे शिष्य होता येणार नाही. लगेच बुरूज बांधणाऱ्याचा दाखला देतो. आधी बसून खर्चाचा हिशेब करा, नाहीतर पाया घालून काम अडकेल आणि येणारे-जाणारे हसतील.

एवढी गर्दी आपणहून मागे येत असताना तिला थांबवून खर्च सांगणारा गुरू मला दुसरा माहीत नाही. म्हणूनच हा भाग मुलांना गुळगुळीत करून शिकवायचा नाहीये. आपल्यातले बहुतेक जन्मानं ख्रिस्ती. बाप्तिस्मा आईच्या कडेवर असतानाच झाला. मग प्रश्न सरळ विचारतो: येशूच्या मागे चालताना तुमचं काय गेलं आणि काय मिळालं? ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा. फक्त धाग्याचा राजकीय आखाडा करू नका, ही विनंती.

सिडकोवाला
पहिला! आमच्या पाळकसाहेबांचं प्रवचन रंगलं की घरोघरी रविवारचं मटण करपतं, ही किंमत कुठल्याच भाष्यात लिहिलेली नाही. :)
बाकी विषय मोलाचा आहे. वाचतोय.

शरणपूरकर
नाशिकमध्ये हा प्रश्न विचारताय तर सुरुवात शरणपूरपासूनच करायला हवी. आज शरणपूर रोड म्हटलं की लोकांना दुकानं, दवाखाने, सिग्नल आठवतात. पण ही वसाहत १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम साल्टर प्राइस यांनी उभी केली. बाप्तिस्मा घेतला म्हणून घराबाहेर काढलेल्यांना राहायला जागा आणि हाताला काम मिळावं, हा हेतू. सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे. म्हणजे आमच्या मोहल्ल्याचा पायाच कुणीतरी मोजलेल्या किमतीवर आहे.

आणि तिथेच आफ्रिकन मुलं होती. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडून इंग्रज नौदलानं सोडवलेली. त्यातला जेकब वेनराइट नाशिकला शिकला. पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शोधमोहिमेत नाशिकची जी मुलं गेली त्यांत तो होता. १ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबनं वाचली, झाडावर नावही त्यानंच कोरलं. मग सगळ्यांनी मिळून देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. हजारएक मैल, पायी, कित्येक महिने. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरच्या शाळेत शिकलेला हा पोरगा होता.

देह तिथेच पुरून ही माणसं मोकळी होऊ शकली असती. अडवायला कोणी नव्हतं. मुलांना जेकब सांगा, गोदाकाठ.

वाटसरू
शरणपूरकर, माहितीबद्दल आभार. पण त्या मुलांची किंमत आधीच वसूल झाली होती हो. आई-बाप गेले, गाव गेलं, आईनं ठेवलेलं नाव गेलं, त्याजागी जेकब ठेवलं. ते सगळं गुलाम पकडणाऱ्यांनी आणि नंतर त्यांना वाढवणाऱ्यांनी मिळून ठरवलं. येशू बोलतोय ते मनानं सोडण्याबद्दल. दोन्हींची गल्लत नको.

शरणपूरकर
मान्य, नाव गेल्याचं मलाही टोचतं. पण हजार मैल चालणं हा निर्णय त्यांचा होता. तो त्यांच्यापासून काढून घेऊ नका.

जाईजुई
मी सिन्नर तालुक्यातली. घर वारकरी, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर दरवर्षी कोणी ना कोणी पंढरीला जाणारं. नर्सिंगच्या शिक्षणात असताना येशूवर विश्वास बसला. कोणी पैसे दिले नाहीत, कोणी फूस लावली नाही. वॉर्डात रात्रपाळीला एक सिस्टर मरणाऱ्या माणसांशी ज्या मायेनं बोलायची, तिथून सुरुवात झाली. लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला.

गेलं काय? भावानं बोलणं टाकलं. आई मात्र यायची थांबली नाही, पण येताना पाण्याची बाटली घरून आणायची. माझ्या ओट्याशी उभी राहून गप्पा मारायची, मी चहा टाकलेला बघायची आणि पिशवीतून बाटली काढून दोन घोट घेऊन झाकण घट्ट लावून परत ठेवायची. भांडण नाही, टोमणा नाही. ते झाकण लावताना ती माझ्याकडे बघायची नाही. वडील गेले तेव्हा दहाव्याला रामकुंडावर मी होते, पण भावकीनं मागे उभं केलं. पिंडाला कावळा शिवेपर्यंत मी परक्या बायकांत उभी.

आता मिळालं काय ते. पहिलं बाळंतपण, माहेर बंद, सासूबाई हयात नाहीत. मंडळीतल्या एक मावशी, ना नात्याच्या ना गावच्या, सव्वा महिना रोज सकाळी येत होत्या. बाळाला पायावर घेऊन तेल लावून न्हाऊ घालायच्या, ओव्याची धुरी द्यायच्या, मग माझी पाठ शेकायच्या. डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी. एकदा मी पैशाचं विचारलं तर महिनाभर तो विषय काढायचा नाही म्हणून दटावलं.

मार्क १० मध्ये येशू म्हणतो, माझ्यासाठी ज्यानं घर, भाऊ, बहीण, आई, शेत सोडलं त्याला आताच्या काळी शंभरपट मिळेल, घरं, भाऊ, बहिणी, आया. मला आई त्या मोरीत, पाटावर बसलेली मिळाली.

आजीची_गोधडी
जाईजुई, डोळे भरून आले गं. मावशींना माझा सलाम सांग.

तटस्थ
मी ख्रिस्ती नाही, घाटावर वाढलेला पंचवटीकर. गोदाकाठांनी बोलावलं म्हणून लिहितो, आणि थोडं बोचरं लिहितो.

किंमत शिष्य मोजतो असं सगळे धरून चाललेत. कवी नारायण वामन टिळकांचं घ्या. नाशिकशी त्यांचं जवळचं नातं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर इथल्याच, जलालपूरच्या. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं नव्हतं. त्यांचा निर्णय, त्यांची श्रद्धा, ठीक. पण पुढची जवळजवळ पाच वर्षं लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयानं काढली ती लक्ष्मीबाईंनी. लोकांचे शब्द ऐकले त्यांनी. टिळकांचं नाव कवी आणि संत म्हणून झालं. खर्चाचा हिशेब करा म्हणता, त्यात हा खर्च कोणाच्या खात्यावर टाकता? बुरूज बांधणाऱ्यानं आधी घरातल्यांना विचारायचं की नाही?

अंबडचा_फिटर
तटस्थराव, प्रश्न बिनतोड आहे. विचार करून लिहितो. तोवर माझं सांगतो.

अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप. दोन लेथ, एक मिलिंग, एक पॉवर प्रेस. निम्म्याहून जास्त जॉबवर्क एकाच कंपनीचं. तिथे खरेदी बघायला नवीन माणूस आला आणि टक्केवारी मागू लागला. बिलात चढवून द्या, तुमचं काही जात नाही, म्हणाला. खरंच काही जात नव्हतं माझं. सगळे देतात. बायकोशी बोललो, दोघांनी प्रार्थना केली आणि नाही म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यापासून चलनं यायची बंद. प्रेस विकावी लागली. एका पोराला कामावरून कमी करावं लागलं, त्याचं लग्न ठरलेलं होतं.

आमच्या सभांमध्ये साक्ष सांगतात तेव्हा शेवट गोड असतो, देवानं दुप्पट ऑर्डर दिली वगैरे. मला नाही मिळाली. ती कंपनी अजून दुसऱ्याकडून माल घेते. मला मिळालं ते एवढंच की मुलगा आता हाताशी आलाय आणि त्याला कुठलंही बिल उघडून दाखवताना मला पान झाकावं लागत नाही. हे कमी आहे असं मला वाटत नाही.

आणि तटस्थराव, तुमचं म्हणणं इथेही लागू पडतं. किंमत मोजली ती त्या कमी केलेल्या पोरानं. तो ख्रिस्तीही नव्हता.

ओझरची_लेक
दादा, सलाम. त्या मुलाचं पुढे काय झालं?

अंबडचा_फिटर
सातपूरला चिकटवला मित्राकडे. पगार आधीपेक्षा थोडा कमी. लग्न झालं. मी गेलो होतो.

तिसरी_पिढी
एक किंमत अजून कोणी लिहिली नाही. आमचे आजोबा गावकुसाबाहेरचे. ख्रिस्ती झाले ते माणूस म्हणून कोणीतरी शेजारी बसवलं म्हणून. शाळा मिळाली, अक्षर मिळालं. आशीर्वाद विचाराल तर हा. आमच्या घरात पहिल्यांदा ज्यानं पुस्तक उघडलं त्यानं बायबलच उघडलं.

किंमत म्हणाल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आमच्या किती घरांमध्ये याच कारणानं जातीच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा असं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. चुलत्यांनी दाखला जपला, त्यांची मुलं नोकरीला लागली. माझ्या वडिलांनी फॉर्मवर ख्रिस्ती लिहिलं. मी कंत्राटी आहे.

वाटसरू
स्पष्ट बोलतो, राग नको. दाखल्यासाठी प्रभूला नाकारणं हे येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, अटकेच्या रात्री कोंबडा आरवण्याआधी 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून केलं तेच आहे.

तिसरी_पिढी
वाटसरू, राग आहे. लपवणाऱ्याला दोष देण्याआधी हे बघा की विश्वास बदलल्यानं गावानं आमची जात विसरली का? विहिरीवर विसरली? सोयरीक जुळवताना आपल्याच मंडळीत विसरली जाते का? ही किंमत येशूनं मागितलेली नाही, माणसांनी लावलेली आहे. दोन्ही एका मापानं मोजू नका. माझ्या वडिलांनी भरली, मला त्यांचा अभिमान आहे. चुलत्यांना नाही जमलं, त्यांना मी पेत्र म्हणणार नाही. आणि म्हटलंच तर पेत्राला येशूनं पुन्हा जवळ बोलावून मेंढरं सोपवली, तेही वाचा.

शरणपूरकर
तिसरी_पिढी, शब्द न् शब्द पटला. सोयरिकीचं तर फारच. चर्चच्या आवारात एका बाकावर बसणारे लग्नाच्या वेळी मूळ गाव विचारतात, कशासाठी ते आपल्याला ठाऊक आहे.

वाटसरू
ठीक. 'नाकारणं' हा शब्द मागे घेतो. आपल्या मंडळीतल्या जातीबद्दल लिहिलंत ते जास्त लागलं.

बाळयेशू_यात्रेकरू
मी नाशिकरोडचा कॅथलिक. थोडं वेगळं मांडतो. आमच्याकडे फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. लांबलांबहून माणसं येतात, त्यात निम्मेअधिक ख्रिस्ती नसतील. कोणी मुलासाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी आजारासाठी मेणबत्ती लावतं. आमचेच काही जण नाक मुरडतात, यांना फक्त आशीर्वाद हवेत, वधस्तंभ नको. मी स्वयंसेवक म्हणून रांगेपाशी उभा असतो. उन्हात ताटकळलेल्या बाईला पाण्याचा ग्लास देताना ती शिष्य आहे का हे मी विचारत नाही. पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा येशूनंही विचारलं नाही.

वाटसरू
पण दुसऱ्याच दिवशी तीच माणसं भाकरीसाठी शोधत आली तेव्हा त्यानं तोंडावर सांगितलं, तुम्ही पोट भरलं म्हणून आलात. योहान ६. ऐकून बरेच शिष्य सोडून गेले.

बाळयेशू_यात्रेकरू
हो, पण आधी जेवू घातलं. क्रम महत्त्वाचा आहे, वाटसरू.

ओझरची_लेक
'आशीर्वाद हवेत' हे इतकं हलकं का समजतो आपण? माझे वडील कारखान्यात होते. पगाराच्या दिवशी आई आम्हाला घेऊन गेटवर जाऊन उभी राहायची, ते गुत्त्यावर जायच्या आत पैसे हातात यावेत म्हणून. मग शेजारच्या एका काकांनी त्यांना प्रार्थनेला नेलं. सुटली दारू. लगेच नाही, दोनदा परत घसरले, पण सुटली. त्यानंतर घरात फ्रीज आला, माझी फी वेळेवर भरली गेली, आईच्या गळ्यात मोडलेलं डोरलं परत आलं. कोणी याला समृद्धीची शिकवण म्हणून हसलं तर मला वाईट वाटतं.

मात्र 'एवढं अर्पण द्या, दहापट परत घ्या' असं माइकवरून सांगणाऱ्यांनी आमच्या वडिलांकडूनच नंतर कर्ज काढायला लावलं, तेही पाहिलंय. तो बाजार आहे. दोन्ही खरं आहे.

सिडकोवाला
अनुमोदन. येशूनं आधी बसून खर्चाचा हिशेब करा म्हटलं. यांच्या सभेत हिशेब शेवटी, आणि तोही आपलाच.

पिंपळपार
जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पश्चात्ताप नको, आज्ञापालन नको, वधस्तंभ नको, नुसती क्षमा हवी, याला ते स्वस्त कृपा म्हणत. हिटलरच्या काळात १९३९ मध्ये ते अमेरिकेत सुखरूप पोहोचले होते, काही आठवड्यांत परत जर्मनीला गेले. देशबांधवांबरोबर हा काळ सोसला नाही तर उद्या त्यांच्याबरोबर उभं राहायचा हक्क मला राहणार नाही, अशी त्यांची भूमिका. ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिली, युरोपातलं युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. वय ३९. लग्न ठरलेलं होतं. तटस्थ यांचा प्रश्न इथेही उभाच आहे, त्या मुलीनं काय मोजलं?

आजीची_गोधडी
तटस्थ यांच्या प्रश्नाला कोणीच हात घालत नाहीये, म्हणून मी घालते. माझं वय झालंय, लांबलं तर सांभाळून घ्या.

लक्ष्मीबाईंनी किंमत मोजली हे सोळा आणे खरं. टिळकांनी सांगायला हवं होतं, हेही मला बाई म्हणून वाटतं. पण लक्ष्मीबाई फरफटत गेल्या नाहीत हो. त्या वर्षांत पत्रं चालू होती, भांडणं चालू होती. मग त्या नवऱ्याकडे गेल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपली चूल वेगळी ठेवली, सोवळं ठेवलं, आपल्या डोक्यानं विचार केला, जातिभेद माणसाचा की देवाचा यावर स्वतःशी झगडल्या. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पायांनी चालत जाऊन. टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं काव्य त्यांनीच पुढे लिहून पुरं केलं. त्यांच्या आठवणी वाचताना रडू येतं त्याहून जास्त हसू येतं. रडगाणं गाणारी बाई अशी लिहीत नाही.

आणि टिळकांचं पुढचंही बघा. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे येशूच्या नावानं एकत्र यावेत म्हणून. या खेपेला घर मोडलं नाही, लक्ष्मीबाई बरोबर होत्या.

मला काय म्हणायचंय, एकट्यानं मोजायची किंमत जगात नाही. एकानं पाऊल टाकलं की घर हलतं. जाईजुईची आई ती बाटली उचलून एवढ्या लांब येत राहिली, तीही मोजतच होती. येशूच्या आईचं काय झालं वधस्तंभाखाली? आणि त्यानं तिथून, श्वास जड झालेला असताना, तिला आपल्या शिष्याच्या, योहानाच्या हवाली केलं. म्हणाला, ही तुझी आई. आपल्या मागे चालण्याची झळ ज्यांना बसते त्यांची सोय कोणी करायची, ते त्यानं तिथे दाखवून दिलं. शंभरपट आया मिळतील हे वचन त्याचं, पण ती भाकरी थापायला आभाळातून कोणी उतरत नाही. ते आपल्याच अंगावर आहे.

तटस्थ
आजी, उत्तर मिळालं. पूर्ण पटलं असं नाही, टिळकांवरचा माझा राग राहीलच. पण 'ते आपल्याच अंगावर आहे' हे कोणी ख्रिस्ती माणसानं मला आजवर सांगितलं नव्हतं.

अंबडचा_फिटर
आजी, त्या पोराला सातपूरला लावून मला वाटलं होतं आपलं काम संपलं. पगार कमी आहे त्याचा अजून. बघतो.

जाईजुई
आजींनी आईबद्दल लिहिलं ते अगदी खरं. तिला गावात किती ऐकून घ्यावं लागलं ते मला नंतर मावसबहिणीकडून कळलं. तिनं कधी सांगितलं नाही. अजून बाटली आणते. मी तिला म्हणत नाही, पी. ती येते हे पुष्कळ आहे.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. वर्गाचा आराखडा बदलला. मुलांना फक्त 'तुम्ही काय सोडाल' असं विचारणार नाही. त्याच्या जोडीला विचारणार आहे, तुमच्या शेजारी बसलेल्यानं काही सोडलं तर तुम्ही त्याचे कोण व्हाल. जेकब वेनराइट सांगणार, लक्ष्मीबाई सांगणार. तिसरी_पिढी, वर्गात येऊन बोलाल का? दाखल्याचं मुलांना तुमच्याच तोंडून ऐकू दे.

तिसरी_पिढी
येतो. वडिलांनाही आणतो, चालेल ना?

गोदाकाठ
चालेल काय, त्यांनाच आधी बोलू द्या.

येवल्याचा_नवा
मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. धागा दोनदा वाचला. मी कॉलेजसाठी नाशिकला असतो, पंचवटीत खोली आहे. गेले काही महिने येशूबद्दल वाचतोय, प्रार्थना करतो. घरी कळलं. आईनं फोनवर बोलणं बंद केलंय, वडील म्हणाले दिवाळीला येऊ नकोस. अजून बाप्तिस्मा वगैरे काही नाही. इथे ओळखीचं कोणी नाही. काय करू?

आजीची_गोधडी
बाळा, घाई करू नकोस. बाप्तिस्मा कुठे पळून जात नाही. आणि आईनं फोन नाही उचलला तरी तू रोज कर. वाजलेला तिला कळतो.

जाईजुई
भाऊ, दिवाळीला घरी जा. वडील नको म्हणाले तरी जा, फराळाला बस, पाया पड. हाकललं तर इकडे ये. आमचं घर नाशिकरोडला, तुला निरोपातून पत्ता कळवते. जेवणाचे डब्याचे हाल असतील तर आत्ताच सांग, दिवाळीची वाट बघू नकोस.

तटस्थ
पंचवटीत कुठे राहतोस? मी निमाणीच्या मागे. मी ख्रिस्ती नाही, पण वडिलांशी बोलायला कोणी मोठं माणूस हवं असेल तर येवल्याला येईन तुझ्याबरोबर.

येवल्याचा_नवा
काका, ताई, दोघांनाही निरोप पाठवलाय. डब्याचे हाल आहेत, खरं सांगतो.

जाईजुई
उद्या संध्याकाळी ये. बाजरीची भाकरी चालते ना?